लाकडी राजवाडा, सरकारी कचेरी : इमारतीचा इतिहास कसा वाचावा, कसा नोंदवावा

इंदूरच्या राजवाड्यासमोर उभं राहून वर पाहिलं की सात मजले मोजता येतात. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. हा वाडा कधीचा, असं कुणी विचारलं तर सहसा एकच साल सांगितलं जातं : १७४७च्या सुमारास, सुभेदार मल्हारराव होळकरांच्या काळात. पण ऑक्टोबर १८०१मध्ये शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांच्या फौजेने इंदूर लुटलं, जाळलं, त्यात हा वाडाही सापडला. इंग्रजांशी झालेल्या ६ जानेवारी १८१८च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात स्थिरावली आणि दिवाण तात्या जोगांच्या कारभारात वाडा पुन्हा उभा राहू लागला. १८३४मध्ये लागलेल्या आगीत वरचा मजला गेला. १९८४च्या दंगलीत मागचा भाग जळाला आणि २००६-०७मध्ये होळकर घराण्याच्या पुढाकाराने तो पारंपरिक साहित्यात नव्याने बांधला गेला. म्हणजे एकाच छपराखाली किमान चार वेगवेगळ्या काळांची कामं आहेत. लाकडी सांगाड्याच्या इमारतीचा इतिहास लिहायचा तर एक साल शोधत बसू नये. कोणता खांब, कोणती तुळई (खांबांवरचं जाड आडवं लाकूड), कोणती भिंत कोणत्या वेळची, हे खणाखणाने, म्हणजे दोन खांबांमधली एकेक जागा धरून, ठरवावं लागतं.

मराठा वाडा मुळात घर आणि कचेरी दोन्ही होता. पहिल्या चौकात देवडी, दिवाणखाना, फड म्हणजे कारकुनांची जागा, दफ्तर, जामदारखाना म्हणजे खजिना. घरचा वावर मागच्या चौकांत. पुढे संस्थानी आणि सरकारी कार्यालयांनी अशा वाड्यांत बस्तान मांडलं तेव्हा नवं काही घडत नव्हतं, जुना वापरच फुगत गेला. पुण्याच्या विश्रामबागवाड्यात नगरपालिकेची कार्यालयं बराच काळ होती. माळव्यातही तहसील, शाळा, पोस्ट, सहकारी संस्था अशा जुन्या वाड्यांतून चालत आल्या आहेत. कचेरीचा काळ हा इमारतीच्या इतिहासाचा पूर्ण थर आहे. अभ्यासाला येणारे बहुतेक लोक तो कचरा समजून पहिल्याच दिवशी उचकटून टाकायला निघतात आणि तिथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं.

परवानगी आणि सामान

इमारत संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी घ्यावी. तिथे नुसतं खरवडणंही परवानगीशिवाय चालत नाही. कार्यालय चालू असेल तर कार्यालयप्रमुखाच्या नावे पत्र द्यावं. कोणत्या खोल्या, कोणते दिवस, फोटो काढणार की नाही, हे त्यात स्पष्ट लिहावं. नस्त्या म्हणजे फायली फोटोत येणार नाहीत अशी खात्री आधीच दिली तर परवानगी लवकर मिळते. सुटीचा दिवस मागावा आणि दोघांनी जावं : एक मापं घेणारा, एक लिहिणारा.

सोबत ५ मीटर आणि ३० मीटरचा टेप, ओळंबा, सुतळी, जोरदार बॅटरी, लोहचुंबक, दहापट मोठं दाखवणारं भिंग, बोथट टोकाचं दाभण, लाकडातली ओल मोजायचं यंत्र आणि चौकटीची वही. बॅटरी भिंतीवर समोरून मारू नये. भिंतीला लगटून तिरपी धरली की बुजवलेली दारं, गिलाव्याचे जोड, लाकूड तासायच्या वाकसाच्या खुणा सावलीत उठून दिसतात. तिरप्या उजेडातली अर्ध्या तासाची पाहणी पुष्कळदा चार तासांच्या मोजणीपेक्षा जास्त सांगते.

आधी खण मोजा

वाडा चौरस मीटरमध्ये मोजायला बसू नका. बांधणाऱ्याने तो खणांत बांधलाय. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. मुख्य दरवाजाच्या डाव्या हाताचा खांब क-१, पुढचा क-२; मागची रांग ख-१, ख-२. मजल्याचा आकडा पुढे जोडायचा. हे क्रमांक कागदावरच ठेवा, खांबावर खडूने लिहू नका.

खांबांची अंतरं मध्यापासून मध्यापर्यंत घ्या आणि हातात बदलून पाहा. हात साधारण ४५ सेंटिमीटरचा, पण गावोगाव आणि कारागिरागणिक थोडा कमीजास्त असतो. म्हणून आधी सात-आठ खण मोजून त्या इमारतीचा हात किती, ते काढा. एका चौकात सगळे खण जुळतात आणि अचानक दोन खण हातभर आखूड येतात, तिथे जोडकाम आहे, नाहीतर जळालेला भाग नव्याने बसवलाय, असं समजून थांबावं आणि तो सांधा नीट पाहावा.

वरच्या मजल्याचा खांब खालच्या खांबावर बरोबर उभा आहे का, हे ओळंब्याने तपासा. मूळ कामात भार खांबावरून खांबावर उतरतो. खांब तुळईच्या मधोमध उभा दिसला तर बहुधा तो मागाहून आलाय, नाहीतर त्याखालचा खांब काढलाय. कचेरीसाठी मोठी खोली हवी म्हणून खालचा खांब काढला आणि वरचा अधांतरी राहिला, ही चूक फार ठिकाणी सापडते.

सांगाडा खालून वर वाचा

जोते, जोत्यावर दगडी तळखडा, तळखड्यावर सागवानी खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त म्हणजे तुळईला पेलणारे लाकडी आधार, हस्तांवर तुळई, तुळईवर कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडं, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या, पाटांवर माती आणि वर चुन्याची नाहीतर फरशीची जमीन. हा कडीपाट. तळखडा शोभेसाठी नसतो. लाकडाची आडवी कापलेली टोकं पाणी शोषतात, म्हणून खांबाचा पाय जमिनीपासून उचललेला असतो. पुढच्या काळात फरशीवर फरशी चढली आणि तळखडा जमिनीत बुडाला की खांब पायातून कुजायला लागतो. तळखडा दिसत नसेल तर तो नाही असं लिहू नका. जमीन किती वर आली ते उंबरठा आणि पायऱ्यांवरून मोजा.

जर्मनीतल्या लाकडी चौकटीच्या इमारती, ज्यांना तिकडे फाखवेर्क म्हणतात, त्यांच्याशी आपल्या वाड्याची तुलना नेहमी होते. त्यातल्या किती तरी नगरपालिकांच्या आणि प्रशासनाच्या ताब्यात आहेत. साम्य खरं आहे : भार लाकूड घेतं, मधली जागा विटा-मातीने भरलेली असते. फरक मात्र कामाचा आहे. तिकडे चौकटीत तिरपे टेकू असतात आणि तेच इमारतीला झुकू देत नाहीत. आपल्याकडे तिरपं लाकूड जवळजवळ नसतं. वाडा सरळ ठेवतात त्या जाड भिंती. त्यामुळे फाखवेर्कमध्ये भरावाची भिंत काढून खिडकी केली तरी सांगाडा तग धरू शकतो. वाड्यात दोन कपाटांच्या सोयीसाठी आडवी भिंत काढली तर वरचे मजले कलायला लागतात. दुसरा फरक वाचनाचा. तिकडे लाकूड बाहेरून दिसतं आणि सुतारांनी जुळणीसाठी कोरलेल्या आकड्यांच्या खुणा सांध्यांवर सापडतात. आपल्याकडे दर्शनी सज्जे सोडले तर बरेच खांब भिंतीत दडलेले असतात. ते गिलाव्यातल्या उभ्या, सरळ भेगांवरून ओळखावे लागतात. लाकूड आणि वीट ओलीने वेगवेगळी फुगतात, म्हणून भेग बरोबर खांबाच्या कडेने जाते.

लाकडावरच्या खुणा

वाकसाने तासलेल्या लाकडावर उथळ, कमीजास्त रुंदीचे टवके दिसतात. दोन माणसांनी ओढलेल्या करवतीच्या रेघा सरळ असतात, पण एकमेकींशी पूर्ण समांतर नसतात, मधूनच त्यांचा कल बदलतो. यंत्रावरच्या गोल करवतीची खूण म्हणजे कमानदार रेघा. तो तुकडा कारखान्यातून आलेला. दर्शनी बाजू रंधलेली असते, म्हणून या खुणा कडीच्या वरच्या अंगाला, पोटमाळ्यात, जिन्याखाली शोधा.

खिळे पाहा. लोहाराने ठोकलेला खिळा चौकोनी, टोकाकडे निमुळता, डोकं वेडंवाकडं. गोल तारेचा खिळा बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचा किंवा त्यानंतरचा. मात्र एका गोल खिळ्यावरून अख्खी तुळई नवी ठरवू नका. खिळा फक्त शेवटची दुरुस्ती सांगतो.

सगळ्यात बोलकी असते ती रिकामी खाच. कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाचं बारीक केलेलं टोक, बसवण्यासाठी खोदलेली खाच खांबावर आहे आणि तिच्यात काहीच नाही, तर एक तर तिथलं लाकूड काढलंय, नाही तर हा खांब दुसऱ्या इमारतीतून आणलाय. सगळ्या रांगेत एकाच उंचीवर खाचा असतील तर तिथे पूर्वी पोटमाळा किंवा सज्जा होता. एकाच खांबावर, भलत्याच उंचीला असेल तर खांब परका. चांगलं सागवान कुणी टाकून देत नाही. जुन्या वाड्याचं लाकूड नव्या वाड्यात गेलेलं असतं, आणि त्यामुळे लाकूड इमारतीपेक्षा जुनं निघू शकतं.

आगीची खूण वेगळी ओळखावी. जाड लाकूड मिनिटाला सुमारे अर्धा ते पाऊण मिलिमीटर या गतीने आत जळत जातं आणि वरचा कोळसा आतल्या गाभ्याला उष्णतेपासून वाचवतो. म्हणून ३० सेंटिमीटर जाडीचा खांब तासभर आगीत उभा राहून वाचतो. तो मागाहून तासून, रंगवून तिथेच ठेवलेला असतो. रांगेतल्या इतर खांबांपेक्षा तीनचार सेंटिमीटर बारीक असलेला, कडा गोलसर झालेला, हस्ताखाली काळे डाग राहिलेला खांब दिसला की आग आठवावी. ती आग कोणती, हे मात्र लाकूड सांगत नाही. त्यासाठी त्यावरचा गिलावा, रंगाचे थर आणि कागद एकत्र पाहावे लागतात.

भिंतीतल्या विटा मोजताना एक वीट मोजू नका, दहा थरांची उंची घ्या. पातळ जुन्या विटांचे दहा थर अर्ध्या मीटरच्या आसपास भरतात; इंग्रजी मापाच्या जाड विटांचे पाऊण मीटरच्या वर जातात. एकाच भिंतीत दोन्ही आढळल्या तर सांधा शोधून त्याचा फोटो घ्या.

आणि शैलीवरून वय कधीच ठरवू नका. राजवाड्याचा मागचा भाग हे याचं समोरचं उदाहरण आहे. विटा, चुना, लाकूड, घडण सगळं जुन्या रीतीचं, काम एकविसाव्या शतकातलं. नोंद नसती तर पन्नास वर्षांनी कुणीही ते अठराव्या शतकात टाकलं असतं.

कचेरीचा थर

लाकडी किंवा प्लायवुडची आडभिंत काढण्याआधी तिचा पाय पाहा. जमिनीचे पाट तिच्याखालून सलग गेले असतील, किंवा तिच्या मागे जुना रंग सलग असेल, तर ती नंतरची. दोन गोष्टी जिथे भेटतात तिथे कोण कुणावर चढलंय एवढंच विचारायचं. वर चढलेलं नंतरचं. सगळा कालक्रम या एका प्रश्नावर उभा राहतो.

रंगासाठी २ सेंटिमीटरची चौकोनी खिडकी धारदार पात्याने उघडा, पायरीपायरीने, प्रत्येक थराची अर्ध्या सेंटिमीटरची पट्टी ठेवत. वरून आत जाताना बहुधा प्लास्टिक रंग, डिस्टेंपर, खालच्या चार फुटांना तेलरंगाची पट्टी, मग चुन्याचे अनेक हात लागतात. तेलरंगाची पट्टी जिथून सुरू होते, तो अनेकदा घराची कचेरी झाल्याचा क्षण असतो, कारण माणसांच्या पाठी आणि खुर्च्या घासणारी भिंत सार्वजनिक वापराची असते. पण चुन्याखाली लाल, निळा, हिरवा ठिपका दिसला तर तिथेच थांबा. बडोद्याचे दिवाण तांबेकर यांच्या वाड्याच्या भिंतींवर चित्रं आहेत; दिवाणाच्या वाड्यात ती असणं नवलाचं नाही. हौसेने खरवडलेलं चित्र परत येत नाही. ते काम संवर्धकाचं.

विजेच्या खुणाही कालक्रम देतात : चिनी मातीच्या खुंट्यांवरून ताणलेल्या तारा आधीच्या, लाकडी पट्टीत झाकलेल्या त्यानंतरच्या, प्लास्टिकच्या नळ्या अलीकडच्या. खोल्यांचे क्रमांक, दारावरच्या पाट्यांचे खिळे, शिपायाच्या बाकाने भिंतीवर पाडलेला घासा, बंद केलेली अर्ज घ्यायची खिडकी, सगळ्याची नोंद करा. तिथे कोणता विभाग बसत होता, हे पुष्कळदा यांतूनच कळतं.

आता वजन. कचेरीने वाड्याला केलेली सगळ्यात मोठी इजा कागदाची आहे. कडीपाटावरची १५ सेंटिमीटर माती एकटीच चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास भरते. राहत्या खोलीसाठी त्यावर साधारण २०० किलोचा वापराचा भार धरतात; दप्तर साठवायच्या खोलीसाठी ५००. नस्त्यांनी गच्च भरलेलं लोखंडी कपाट तीनशे किलोच्या घरात जातं आणि उभं असतं जेमतेम ०.४ चौरस मीटरवर. अशी सहा कपाटं खोलीच्या मधोमध पाठीला पाठ लावून ठेवली की कड्या वाकतात. वाक मोजायला तुळईच्या दोन टोकांना सुतळी ताणून मध्यावर अंतर घ्या. ४ मीटरच्या तुळईला १५-१६ मिलिमीटरपर्यंत वाक असेल तर नुसती नोंद पुरे. त्यापुढे कपाटं हलवायला सांगा आणि अभियंत्याला दाखवा. कपाटं भिंतीलगत, कड्यांच्या टोकांजवळ ठेवायची, आणि सगळे पाय एकाच कडीवर न येता निरनिराळ्या कड्यांवर येतील अशी आडवी. जड दप्तर तळमजल्यावर, पण भिंतीपासून हातभर सोडून, म्हणजे ओल आणि वाळवी नजरेला येते.

वाक जुना की चालू, हे भेगेवरून कळतं. जुन्या भेगेत धूळ आणि चुन्याचा हात गेलेला असतो. ताज्या भेगेच्या कडा तीक्ष्ण, आत पांढऱ्या. शंका असेल तिथे काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी चुन्याने चिकटवून तारीख लिहा आणि महिन्यातून एकदा बघा. पावसाळा धरून पूर्ण वर्ष पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

बिघाड कुठून सुरू होतो

ओल सगळ्यांत वाईट. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी आणि कूज सुरू होते. यंत्र खांबाच्या पायाशी, जमिनीपासून १० आणि १०० सेंटिमीटरवर लावा. दोन आकड्यांत मोठा फरक आला तर पाणी खालून चढतंय. दाभण हलक्या हाताने पाच मिलिमीटरहून जास्त रुतलं तर आत कूज आहे. सागाचा गाभा वाळवीला दाद देत नाही, बाहेरचं फिकट लाकूड मात्र ती खाते. म्हणून वरून पोखरलेला खांब आतून पुरता मजबूत असू शकतो. पोखरला दिसतो म्हणून बदलून टाकू नका.

वाड्याच्या वरच्या मजल्यावर मागाहून केलेलं स्वच्छतागृह आणि वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारं पाणी, या दोन जागा आधी तपासा. मग कौलांची पन्हळ. मग सिमेंट. चुन्याची भिंत ओल शोषते आणि सोडतेही. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढला की पाणी बाहेर पडायची वाट बंद होते, ते शेजारच्या लाकडाकडे वळतं आणि भिंतीत दडलेला खांब कुणाला न दिसता कुजतो. दुरुस्ती चुन्यातच करावी : तीनचार आठवडे पाण्याखाली मुरवलेला चुना १ भाग, वाळू किंवा सुरखी म्हणजे विटांचा चुरा अडीच ते तीन भाग. गूळ, मेथी, उडीद, बेलफळ ही आपल्याकडची जुनी भर. तिचं प्रमाण मात्र आधी हातभर तुकड्यावर लावून, वाळवून ठरवावं. गूळ जास्त झाला तर चुना उशिरा धरतो.

कागद मागाहून

इमारत वाचून झाल्यावर कागदाकडे जा. उलट केलं तर कागदात जे लिहिलंय तेच भिंतीत दिसू लागतं. मोडी हिशेबांत सुतार, गवंडी, बेलदार, चुना, सागवान हे शब्द आधी शोधा. दुरुस्तीचं वर्ष तिथे हाती लागतं. सन मात्र नीट बदला. शकात ७८ मिळवायचे, जानेवारी-मार्चच्या नोंदींना ७९. विक्रम संवतातून ५७ किंवा ५६ वजा करायचे. मराठेशाहीच्या कागदांतल्या सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. फसली या महसुली सनाची गंमत अशी की उत्तरेकडची फसली ५९२-५९३ मिळवून येते, दख्खनची ५९०-५९१. माळव्यात दोन्हींचे कारकून वावरले, त्यामुळे कोणती फसली आहे हे त्याच कागदावरच्या दुसऱ्या तिथीशी ताडून पाहिल्याशिवाय साल लिहू नका.

छापील साधनांत होळकर संस्थानची १९०८ आणि १९३१ची गॅझेटियर आणि दरबाराचे वार्षिक अहवाल पाहा. नगररचनाकार पॅट्रिक गेडिसने १९१८मध्ये इंदूर दरबारला सादर केलेला नगररचनेचा अहवाल शहर खणाखणाने बघायला शिकवतो. जुन्या छायाचित्रांसाठी राजा दीनदयाळांचं नाव आधी घ्यावं. त्यांची कारकीर्द इंदुरातच सुरू झाली. फोटोत सज्ज्याचे खांब मोजा आणि आजच्या खांबांशी ताडा. छताची रेघ, खिडक्यांची संख्या, पन्हळींच्या जागा यांतून आगीनंतर काय बदललं ते उघड होतं.

नोंद लिहिताना प्रत्येक ओळीपुढे पाहिलं, वाचलं की अंदाज, यांपैकी एक शब्द हवा. नकाशा काळानुसार रंगवा, आणि जिथे कळलेलं नाही तो खण पांढराच सोडा. एक प्रत कार्यालयात, एक शहरातल्या ग्रंथालयात ठेवा. आणि दुरुस्तीत जिथे नवं लाकूड बसेल तिथे सुताराला सांगून त्याच्या न दिसणाऱ्या बाजूला, तुळईच्या वरच्या अंगाला किंवा कुसवाजवळ, साल कोरून घ्या. आकडे बोटभर उंच आणि निदान तीन मिलिमीटर खोल असावेत, म्हणजे रंधा फिरला तरी उरतील.